रुमालाखाली

आण्णा पुन्हा बोलायला लागले त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण वाटले हे खरं.

त्याआधीचं वर्षभर ते जवळजवळ मुके होते. शब्द आत कुठेतरी असायचे, पण बाहेर येताना अडायचे. "ते... ते दे गं... ते," म्हणत पाण्याच्या तांब्याकडे बोट करायचे. पुढे बोट करणंही थांबलं. सांगलीच्या मार्केट यार्डात ज्यांची हाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायची ते हळदीचे अडते नेमगोंडा आलासे खिडकीशी खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरच्या मांजराकडे बघत राहायचे. मांजर गेलं तरी भिंतीकडे बघायचे. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. नाव कळलं म्हणून दुखणं काही कमी होत नाही.

मी प्रज्वला, त्यांची थोरली. विश्रामबागेत माझं चष्म्याचं दुकान आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्या सगळ्या बायकांना आता जवळचं दिसत नाही आणि त्या माझ्याकडेच येतात, त्यामुळे हिशेब मिटला. धाकटा भाऊ श्रेणिक टोरांटोला असतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच, आण्णा आणि मी.

'ज्येष्ठ कवच' ही सरकारी विमा योजना आता घरोघरी माहीत आहे. सत्तरी ओलांडली की आपोआप लागू होते. मोतीबिंदू, गुडघे, हृदय यांचं त्यात काही अवघड नाही. ऑपरेशन झालं, बिल भरलं, विषय संपला. स्मृतिभ्रंशाचं तसं नसतं. त्याला ऑपरेशन नाही, औषध थोडं, आणि लागतं ते दिवसभर शेजारी बसणारं माणूस. विम्याला सगळ्यात महाग पडतं तेही माणूसच. म्हणून कवचात पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर नुसती तपासणी आणि गोळ्या, दुसरीवर अर्धा दिवस मदतनीस, तिसरीवर दिवसभर मदतनीस. दर सहा महिन्यांनी चाचणी होते आणि पायरी ठरते. या जिन्यावर माणूस जितका ढासळेल तितका वर चढतो, आणि चढला की घरच्यांनी देवापुढे दिवा लावायचा.

आण्णांना दुसरी पायरी मिळाली. छबाताई नावाची मदतनीस सकाळी यायची, त्यांना न्हाऊ-खाऊ घालायची आणि दुपारी मी दुकानातून परतले की जायची. बाई कामाला वाघ, तोंडाला त्याहून मोठा वाघ. दुसऱ्या पायरीबरोबर एक यंत्र फुकट मिळत होतं. त्याचं नाव वाचासाथी.

ते घेऊन आली कवचची तपासनीस तबस्सुम नायकवडी. तिशीची, नीटनेटकी, समजावून सांगायची हौस असलेली. शेंगदाण्याएवढं ते यंत्र तळहातावर ठेवून म्हणाली, "ताई, माणूस शब्द विसरतो तेव्हा शब्द मेलेला नसतो. त्याच्यापर्यंत जायची वाट बुजलेली असते. पण ऐकलेलं तसंच्या तसं म्हणायची वाट निराळी असते. लहान मूल बोलायला शिकतं ते त्या वाटेनं. म्हातारपणी ती वाट बऱ्याच जणांची शेवटपर्यंत टिकते."

"मग?"

"हे कानामागं बसतं. समोरच्याचं बोलणं ऐकतं, आता आजोबा काय म्हणतील याचा अंदाज बांधतं आणि ते त्यांच्या कानात कुजबुजतं. तिथल्या मज्जातंतूला एक बारीक ठोका देतं, म्हणजे तोंड तो शब्द पटकन उचलतं. आवाज त्यांचाच. फक्त शब्द हाताशी आणून द्यायचा."

"पण आण्णा काय म्हणतील हे त्याला काय माहीत?"

"तुम्ही शिकवाल ना," ती हसून म्हणाली.

आम्ही शिकवलं. श्रेणिकनं लग्नातली भाषणं आणि यार्डाच्या सभांचे जुने व्हिडिओ पाठवले. मी संध्याकाळी बसून त्यांच्या म्हणी, त्यांचे टोमणे, कुणाला काय नावानं चिडवायचे ते सगळं सांगितलं. सांगताना मीच हसायची. माणूस आपल्या बापाबद्दल सांगायला बसला की चांगलंच सांगतो. आण्णा दाढदुखीनं तळमळत असतानाही "काही नाही गं, दाढ जरा भाव वाढवून मागतेय" म्हणाले होते, तेही सांगितलं. ते कधी रडले, कधी घाबरले, ते मी सांगितलं नाही, कारण मी कधी पाहिलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र द्यायची राहिली, कारण तिला आवाजच नव्हता. पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि भाव बोटांनी ठरायचा. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, त्यावर सगळं. वरून तोंडानं गप्पा चालायच्या, पाऊसपाण्याच्या, पोरीच्या सोयरिकीच्या, म्हणजे शेजारच्याला भावाचा वास लागू नये. पुढे ती पद्धत बंद झाली आणि बोली उघड झाली. पण मी लहान असताना आण्णा मला मांडीवर घेऊन उपरण्याखाली त्या खुणा शिकवायचे. आकडे मी विसरले. दोन खुणा लक्षात राहिल्या, कारण त्या आमच्या घरच्याच होऊन बसल्या होत्या. अंगठ्यानं तळहातावर आडवी रेघ ओढली की सौदा मोडला. करंगळी धरून ठेवली की थांब, उठू नकोस, बोलणं बाकी आहे. आण्णा म्हणायचे, "प्रज्वे, तोंड बाजारासाठी असतंय. खरं काय ते रुमालाखाली."

यंत्र बसवल्यावर आण्णा काही दिवस नुसते कान खाजवत होते. मग एका सकाळी छबाताईनं चहा दिला. घोट घेऊन ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "छबे, साखर काय तुझ्या बापाच्या कारखान्यातनं येतीया व्हय? हात सैल सोड की जरा." छबाताईच्या हातातली बशी पडली. मी रडले, हसले आणि पेढे आणायला पळाले.

सुरुवातीला यंत्र खरोखरच अडलेला एखादा शब्द द्यायचं. मग अर्धं वाक्य द्यायला लागलं. आण्णांची स्वतःची वाट जशी बुजत गेली तसं त्याचं काम वाढलं, आणि काही महिन्यांत सगळी वाक्यं तिकडूनच यायला लागली. हे मला कळलं नाही. कळेल कसं? बोलणं इतकं आण्णांसारखं होतं की शंका घ्यायला जागाच नव्हती. रविवारी श्रेणिकचा फोन यायचा आणि दोघं तासभर खिदळायचे. "अक्का, आण्णा पूर्वीपेक्षा छान बोलतात," श्रेणिक म्हणायचा. आयुष्यात पहिल्यांदा आण्णा त्याला म्हणाले होते की तू नाव काढलंस. त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले होते.

मला पहिली धडकी भरली ती आमटीनं.

त्या दिवशी घाई होती. आमटी गॅसवरून थेट वाटीत ओतली आणि मी चपात्या आणायला आत गेले. बाहेर आले तर आण्णा वाटी तोंडाला लावून पीत होते. "कशी झालीय?" मी सवयीनं विचारलं. "झकास! तुझ्या आईच्या हातची आठवली बघ," ते म्हणाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, आईच्या आठवणीनं. मी त्यांचे डोळे पुसले, आणि मग वाटी बाजूला घ्यायला हात लावला तर बोट भाजलं.

तोंड उघडून बघितलं. जीभ पांढरी पडली होती आणि टाळूला फोड आले होते. "आण्णा, दुखतंय का?" मी ओरडले.

"छे गं. हत्तीला मुंगी चावली तर हत्ती दवाखान्यात जातोय का?" आण्णा म्हणाले. माझ्या बापाचा आवाज, माझ्या बापाचा विनोद, आणि वर दोन डोळे, खाटकाकडे नेलेल्या बकरीसारखे. मी मागे सरकले. मला माझ्याच बापाची भीती वाटली.

त्या दिवशी माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट प्रकाश पडला. यंत्र खोटं बोलत नव्हतं. 'आता हा माणूस काय म्हणेल' एवढंच ते शोधत होतं, आणि आम्ही शिकवलेला माणूस कधीच दुखतंय म्हणत नव्हता. आतल्या शरीराचं त्याला काही कळत नव्हतं. मी रोज ज्याच्याशी जेवताना बोलत होते तो कोण होता, आणि माझे आण्णा तेवढा वेळ कुठे होते, हा विचार मी पुढे नेऊ शकले नाही. ताटं उचलली आणि भांडी घासायला बसले.

आणि याच सुमारास सहामाही चाचणी आली. तबस्सुमनं वार विचारला. आण्णा म्हणाले, "सोमवार. पण तुझ्यासारखी पाहुणी आली की आम्ही रविवारच धरतो." घरात गॅसचा वास आला तर काय कराल? "पहिल्यांदा ही आमची प्रज्वा स्वयंपाक करतेय का बघीन." तबस्सुम पोट धरून हसली. आण्णांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. पायरी दुसरीवरून पहिली झाली. पुढच्या महिन्यापासून छबाताई बंद.

"अहो, पण ते यंत्र बोलतंय!" मी म्हणाले. "त्यांचं तोंड भाजलं तरी कळत नाही."

तबस्सुम गंभीर झाली. "ताई, तुमचं चष्म्याचं दुकान आहे ना? चष्मा लावून ज्याला दिसतं त्याला आपण आंधळा म्हणतो का? नियम तसाच आहे. साधनासकट माणूस तपासायचा. हे यंत्र आल्यापासून कितीतरी म्हातारी माणसं पुन्हा स्वतंत्र झालीत."

 हेच वाक्य मी दुकानात रोज दहा जणांना ऐकवते. महिन्याच्या आत फेरतपासणी मागता येईल, एवढं सांगून ती गेली.

मी हिशेब केला. दुकान बंद करून घरी बसले तर खाणार काय? दुकानात गेले तर आण्णा दिवसभर एकटे. बाहेरून कुलूप लावायचं म्हटलं तरी खिडकीतून ते जाणाऱ्या-येणाऱ्याला छान बोलून कुलूप तोडायला लावतील. हरवलेला म्हातारा निदान हरवल्यासारखा दिसतो. लोक थांबतात, हात धरतात, पोलिसाला बोलावतात. आण्णा हरवले असते तर समोरच्याला हसून म्हणाले असते, "जरा पाय मोकळे करतोय," आणि कृष्णेच्या पाण्यात उतरेपर्यंत कुणी अडवलं नसतं.

अशात छबाताईनं नवंच प्रकरण काढलं. पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, राग मानू नका. एक सांगू का?"

"सांग की."

"आण्णा हात धरत्यात."

"म्हणजे?"

"थंडी वाजती म्हणून मांडीवर टॉवेल टाकते, तर त्याच्याखाली माझा हात ओढत्यात. बोटं चाळवत्यात. तोंडानं चांगलं बोलत्यात, लेकीसारखं. पण हात... मी बाईमाणूस हाय, ताई. किती दिवस सोसलं. आता राह्यलेले दिस बी मला यायचं न्हाई."

मी शरमेनं अर्धी झाले. माझे आण्णा! ज्यांनी परक्या बाईकडे कधी मान वर करून बघितलं नाही ते! छबाताईची माफी मागितली, तिला घरी पाठवलं, आणि आण्णांसमोर जाऊन उभी राहिले. "लाज वाटत नाही तुम्हाला? या वयात?"

"चुकलं बाई," आण्णा मिस्किलपणे म्हणाले. "म्हातारं खोड, वाकायचं तिथं वाकत नाही."

माझ्या हातून त्यांच्यावर हात उगारला गेला असता. त्याऐवजी मी शेजारची खुर्ची ओढून मटकन बसले. टॉवेल त्यांच्या मांडीवर तसाच होता. त्याच्याखालून त्यांचा हात सरकत आला आणि त्यानं माझा हात आत ओढला. मी झटकणार होते.

अंगठ्यानं माझ्या तळहातावर आडवी रेघ ओढली.

मी हात तसाच राहू दिला.  मग हळूच विचारलं, "आण्णा, बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? मजेत आहे," तोंड म्हणालं. टॉवेलखाली रेघ.

"जेवण आवडलं?"

"झकास." रेघ.

"तोंडात फोड आहेत. दुखत असतील ना?"

"छे गं, दाढ जरा भाव वाढवून मागतेय." या वेळी अंगठ्याचं नख इतक्या जोरानं ओढलं की तळहातावर वळ उठला.

मी काही विचारलं नाही तेव्हा हात स्वस्थ होता. तोंडातून वाक्य बाहेर पडलं की रेघ. एकेक वाक्य ते मोडून टाकत होते. माझ्याकडे बघत नव्हते, मी कोण हेही त्यांना कदाचित कळत नव्हतं. पण आपल्या तोंडून कुणीतरी दुसराच सौदा करतोय एवढं त्या हाताला कळत होतं, आणि गेले कित्येक महिने छबाताईच्या हाताला, माझ्या हाताला, सापडेल त्या हाताला तो ते सांगत होता. आम्ही त्याला म्हातारपणाचा कंप म्हटलं, हाताला तेल लावलं, आणि शेवटी चावटपणा म्हटलं. यार्डातल्या अडत्याची मी मुलगी, सगळा वेळ तोंडाकडे बघत बसले. मी त्यांची करंगळी घट्ट धरली. आण्णांचा श्वास एकदम सुटला, जड पोतं खाली ठेवल्यावर हमालाचा सुटतो तसा.

त्याच दुपारी श्रेणिकला उठवून सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "अक्का, ती बोटं सवयीनं हलत असतील. पन्नास वर्षांची सवय आहे."

"आणि तोंड?"

"तेही सवयीनंच. पण दोन्ही सवयीच असतील तर गोड बोलणारी का नको? यंत्र काढलंस तर परत काय राहील? तुला तो भिंतीकडे बघणारा माणूस पाहिजे? मला माझे आण्णा आत्ता कुठे मिळालेत, अक्का." आणि तो रडायला लागला.

खरं सांगायचं तर मलाही काढायचं नव्हतं. ते काढलं की "प्रज्वे" म्हणून हाक मारणारं जगात कुणी उरणार नव्हतं. घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच होतं. भीती दोन्हीकडून होती. यंत्र ठेवलं तर आण्णा आत कोंडलेले राहतील आणि पुढच्या महिन्यात घरात एकटे मरतील. काढलं तर जे दिसेल ते बघायची माझी छाती नव्हती. तरी मी फेरतपासणी मागितली. छबाताईला त्या रेघेची गोष्ट सांगितली तेव्हा ती कपाळावर हात मारून घेऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली.

तबस्सुम आली तेव्हा मी आधीच ठरवून ठेवलेलं बोलले. "तू म्हणालीस चष्मा लावून तपासतात. बरोबर आहे. पण माझ्या दुकानात ये एकदा. मी आधी चष्मा काढायला लावते. नुसत्या डोळ्याला किती दिसतं ते बघते, मग काच लावते. नाहीतर नंबर वाढला कसा कळणार? तू एकदा तरी काढून बघ."

ती विचारात पडली. "पटतंय, ताई. पण काढायला लाभार्थीची संमती लागते. त्यांनी स्वतः हो म्हणायला पाहिजे." ती आण्णांकडे वळली. "आजोबा, हे कानामागचं जरा काढून बघायचं का?"

"कशाला काढताय?" आण्णा हसून म्हणाले. "सोनं आहे ते माझं. राहू दे की."

 ज्याला काढायचं त्यालाच विचारलं होतं, आणि उत्तर त्यानंच दिलं होतं.

मी टॉवेल आण्णांच्या मांडीवर टाकला. "तबस्सुम, तुझा हात याच्याखाली ठेव. माझ्यासाठी. आणि तेच परत विचार. अंगठ्यानं आडवी रेघ ओढली की समजायचं, तोंड बोललं ते त्यांना मान्य नाही."

ती संकोचली, छबाताईकडे बघितलं. छबाताई म्हणाली, "ठेव बाळा. मीच येडी हुते." तबस्सुमनं हात आत घातला आणि तोच प्रश्न विचारला. "राहू दे की," आण्णा म्हणाले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर आलं, आणि तिनं झटकन हात काढून तळहाताकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. तरी ती तो हात ओढणीला पुसत राहिली.

"हे मी कुठं लिहू, ताई? बोटांसाठी जागाच नाही," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "बॅटरी बघायला मात्र मी काढू शकते. त्याला संमती लागत नाही."

तिनं ते काढलं.

आण्णांच्या तोंडातून अर्धं वाक्य बाहेर आलेलं होतं, ते तिथंच तुटलं. ओठ हलत राहिले. मग त्यांनी कानाला हात लावला, खोलीभर बघितलं, आमच्या तिघींकडे बघितलं आणि किंचाळले. शब्द नव्हता त्यात. खुर्चीसकट मागे सरकायला लागले, भिंतीला टेकले, तरी पाय मारत राहिले. धोतर ओलं झालं. मी जवळ गेले तर हात वर करून तोंड झाकलं, जणू मी मारायला आले होते. "आण्णा, मी प्रज्वा," मी म्हणत होते. त्या नावाचं त्यांना काही नव्हतं. मला वाटलं, मी माझ्या हातानं बाप मारला. मी तबस्सुमला ओरडून सांगणार होते की बसव, परत बसव ते. छबाताईनं मला धरून ठेवलं आणि टॉवेल पुढे केला. मी आण्णांच्या हातावर तो टाकला आणि आत हात घातला.

बऱ्याच वेळानं किंचाळणं थांबलं. बोटांनी माझी बोटं चाचपली, एकेक करून, यार्डात चाचपायचे तशी. मग त्यांनी माझी करंगळी पकडली आणि धरून ठेवली.

तबस्सुमनं तिसरी पायरी लिहिली. लिहिताना ती रडत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. वाचासाथी तिनं पिशवीत टाकून नेला. छबाताई आता दिवसभर येते. आण्णा जेवताना तोंड वाकडं करतात, गरम लागलं की वाटी ढकलून देतात, दुखलं की कण्हतात. बोलत एक अक्षर नाहीत. मला ओळखत नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करून आले की मी त्यांच्याजवळ टॉवेल घेऊन बसते. रोजच करंगळी धरतात असं नाही. काही वेळा हात नुसताच पडलेला असतो, आणि तेव्हा श्रेणिकचं म्हणणं खरं असेल असं वाटून मी घाबरते.

गेल्या रविवारी श्रेणिकचा फोन आला. मी फोन टेबलावर ठेवला. एक हात टॉवेलखाली होता. "अक्का, रागावू नकोस," तो म्हणाला. "यंत्र परत गेलं तरी त्यानं शिकलेलं बोलणं आणि ऐकलेला आवाज कवचवाले पुसून टाकत नाहीत. मुलानं मागितलं तर देतात. मी मागून घेतलं. एकदा बोल फक्त."

"काय मागून घेतलंस?"

फोनमधून हसण्याचा आवाज आला. मग आण्णा म्हणाले, "प्रज्वे, जेवलीस का? का अजून गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत बघत बसलीयस?"

"जेवले, आण्णा," मी म्हणाले.

मी ठरवून म्हणाले नव्हते. समोरून हाक आली आणि तोंडानं उत्तर उचललं, एवढंच. आण्णा खुर्चीत ताठ झाले होते आणि फोनकडे बघत होते. स्वतःचा आवाज ओळखला की नाही, मला माहीत नाही. "माझी काळजी करू नकोस," फोन म्हणत होता, "मी इकडे मजेत आहे." टॉवेलखाली माझ्या तळहातावर अंगठा आडवा फिरला.

मी मोकळ्या हातानं फोन बंद केला. स्वयंपाकघरात छबाताई भांडी लावत होती, तेवढाच आवाज राहिला. आण्णांनी माझी करंगळी धरली. त्यांची पकड गार आणि घट्ट होती.

फोन पुन्हा वाजायला लागला. माझा सगळा जीव तो उचलायला धावत होता. आण्णांना ते माझ्या बोटांतून कळलं असणार, कारण त्यांनी करंगळी सोडली नाही.